बेडकीची नक्कल

प्रिय नणंदबाई,

ही हाक वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. इतक्या वर्षांत मी तुला कधी नणंदबाई म्हटलं नाही. आताही घरातल्या नेहमीच्या नावानेच सुरुवात केली होती, 'प्रिय बेडके' असं लिहूनही झालं होतं, मग तो कागद चुरगाळून टाकला. का, ते पुढे कळेल. पण आधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर ती मधेच कुठेतरी सापडून तू पत्र भिरकावून देशील. येत्या शुक्रवारी तू पोटाचं सीटी स्कॅन करायला जाणार आहेस, डाय देऊन, आणि एकटी जाणार आहेस, हे मला माहीत आहे. आईंनी सांगितलं. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असूनही तू त्यांनाच सांगितलंस, म्हणजे कुठेतरी तुलाही ते कुणाला तरी कळायला हवं होतं, असं मी धरून चालले आहे.

फोनच केला असता. पण माझा नंबर तू केव्हाच अडवून ठेवला आहेस, तुझ्या दादाचा नुसता वाजत राहतो, आणि आईंनी परवा त्या जुन्या एक्स-रेचा विषय काढला तर 'आई, पुन्हा तेच?' म्हणून तू फोन आपटलास. स्कॅन कुठल्या हॉस्पिटलात आहे तेही त्यांना सांगितलं नाहीस, नाहीतर मी सरळ तिथेच फोन लावला असता आणि मग तुझी बोलणी खाल्ली असती. तेव्हा हे पत्र. लांबणार आहे. चहा करून घे, पाय वर घेऊन बस, आणि शेवटपर्यंत वाच. राग काढायचा तो वाचून झाल्यावर काढ, मी काही कुठे पळून जात नाही.

राग कशाचा, हे काय मला कळत नाही? आईंच्या पंचाहत्तरीचा तो हॉल अजून डोळ्यांसमोर आहे. तू तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या दोन मुलींना घेऊन आली होतीस. दोघींना नुकताच बस चालवायचा परवाना मिळाला होता, आणि पोटच्या पोरी असाव्यात तशी तू त्यांना सगळ्यांसमोर मिरवत होतीस. मग कुणीतरी तुझ्या दादाच्या हातात माईक दिला. माईक मिळाला की त्याच्या अंगात येतं. 'आमची ही ट्रक पळवणारी बहीण,' म्हणून त्याने सुरुवात केली, 'कॉलेजात असताना किडनीचा एक्स-रे काढायला गेली आणि सुई बघून अशी तंतरली की तिचा बेडूक झाला!' आणि मग ती नक्कल. आधी दोन-तीन शिंका. मग तळहात कराकरा खाजवणं. मग गळ्याला हात लावून तो घोगरा, फाटका आवाज: 'आई गं, घसा... घसा आवळतोय...' हॉल हसून हसून लोळला. तुझ्या त्या दोन मुलीही हसल्या, तुझ्याकडे बघत, तूही हसशील म्हणून. तू हातातलं ताट खाली ठेवलंस, त्यांना घेतलंस आणि चालती झालीस. आम्हाला वाटलं, येईल चार दिवसांत ताळ्यावर. दर वेळी येत होतीस.

आता जरा हॉस्पिटलातल्या माझ्या स्कॅनच्या खोलीबद्दल लिहिते. तू मला 'फोटोवाली' म्हणून चिडवतेस, पण फोटो काढून घेणाऱ्यांच्या बाजूने तू पुन्हा कधी अशी खोली पाहिलेली नाहीस, म्हणून सांगते. जाड काचेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे तो मोठा पांढरा गोल आणि त्यात आडवा घातलेला माणूस. डाय म्हणतात, रंग म्हणतात, पण त्यात रंगबिंग काही नसतो. दिसायला पाणी, आणि बोटाला लागलं तर पाकासारखं चिकट. शिरेतून ते गेलं की आतले अवयव, गाठी, रक्तवाहिन्या उठून दिसतात. ते कोमट करून पंपात भरायचं, हाताच्या शिरेत नळी लावायची, पेशंटला एकट्याला ठेवून बाहेर यायचं आणि जाड दार लावून घ्यायचं. बटण दाबलं की ते सपकन आत जातं. सर्वांगात ऊब पसरते, तोंडात लोखंडाची चव येते, कित्येकांना तर वाटतं की आपल्याला कपड्यातच झाली. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर बिचारे लाजेने अर्धमेले होतात. बहुतेकांचं एवढ्यावरच भागतं. रोज किती जणांना आम्ही ते देतो, आणि ते उठतात, चपला घालतात आणि घरी जाऊन जेवतात. हे मुद्दाम लिहिते आहे. तुला त्या औषधाची धास्ती घालायला मी बसलेली नाही. ते नसतं तर आम्हाला निम्म्या गोष्टी दिसल्याच नसत्या.

पण देण्याआधी आम्ही विचारतो. किडनीची रक्ततपासणी झाली का, साखरेच्या गोळ्या चालू आहेत का, दमा आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हे औषध पूर्वी कधी घेतलं होतं का आणि तेव्हा काही त्रास झाला का. लोक काय सांगतात, माहीत आहे? जे विचारलं नाही ते सगळं. वांगं खाल्लं की खाज सुटते, थोरल्या जावेचं आणि आपलं पटत नाही, मुलगा फोन करत नाही. मुद्द्याचं विचारलं की मात्र 'छे छे, काही नाही.' खोटं बोलत नाहीत गं ते. त्यांनी त्या त्रासाला दुसरंच काहीतरी नाव देऊन ठेवलेलं असतं, आणि त्या नावाचा प्रश्न आमच्याकडे नसतो.

गेल्या आठवड्यात एक शिंपी आला. चुरुचुरु बोलणारा, वयस्कर, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच लटकवून आलेला. टेबलावर आडवा होता होता त्याने मला सांगितलं की माझ्या गणवेशाची बाही कुणीतरी आंधळ्याने शिवली आहे. मी विचारायचं ते सगळं विचारलं. आधी स्कॅन झालं होतं? हो, झालं होतं. काही त्रास? 'ठणठणीत, बाई.' नंतर त्याच्या बायकोने बाहेर बाकावर बसून रडत रडत सांगितलं की तेव्हा अंगभर गांध्या उठल्या होत्या, पण त्यांनी तो दोष तिथल्या चादरीला दिला होता. घरी येऊन चादरी धुणाऱ्यांच्या नावाने बोटंही मोडली होती. म्हणून त्याने मला 'काही नाही' सांगितलं, आणि मी दार लावून बाहेर आले.

औषध आत गेलं. मी काचेतून बघत होते. त्याला शिंक आली. मग आणखी एक. मग आणखी एक. आमच्या कामात औषध गेल्यावर शिंक ऐकली की मान आपोआप वर होते. त्याची बोटं दुसऱ्या हाताच्या तळव्याला खाजवायला लागली. मी माईकवर विचारलं, 'काका, बरं वाटतंय ना?' आणि उत्तर आलं ते मघाच्या माणसाचं नव्हतंच. घोगरा, फाटका आवाज, मधे अडकणारा श्वास: 'बाई, घसा... घसा आवळतोय.' मी धावले. आमच्या डॉक्टरीणबाई माझ्या मागोमाग. मांडीत इंजेक्शन, ऑक्सिजन, पाय वर, सलाइन. तोवर त्याच्या डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या होत्या आणि श्वास घेताना छातीतून बारीक शिटी वाजत होती. तो वाचला. आयसीयूतून घरी गेला, आणि जाताना माझी बाही नीट करून द्यायचं कबूल करून गेला. पण डॉक्टरीणबाई मला एवढंच म्हणाल्या, तो बोलला म्हणून वाचला, आणखी थोडा वेळ सोसत पडून राहिला असता तर बोलायला आवाजच उरला नसता.

सगळं निस्तरून मी हात धूत उभी होते आणि अंगावर सर्रकन काटा आला. तो आवाज मी आधी ऐकला होता. हॉस्पिटलात नव्हे. पुरळ उठलेले, उलट्या झालेले पेशंट मी पुष्कळ पाहिलेत, पण औषधाने घसा धरलेला हा माझ्यासमोरचा पहिलाच. तरीही तो आवाज माझ्या ओळखीचा होता. शब्द तेच. 'घसा' म्हटल्यावर अडकणारा श्वास तोच. आधी शिंका, मग तळवे, मग आवाज, हा क्रमसुद्धा तोच. आमच्या जेवणाच्या टेबलावर, लग्नाकार्यात, सहलीला जाताना गाडीत मी तो ऐकत आले होते. नळ वाहत राहिला आणि मी नुसती उभी.

त्या संध्याकाळी घरी आले आणि खांद्यावरची पर्सही न काढता तुझ्या दादाला म्हटलं, बेडकी करून दाखव. तो खूश झाला. इतके दिवस मी त्याला त्यावरून बोलत होते ना. आई मटार सोलत बसल्या होत्या, त्याही हसायच्या तयारीत. त्याने केली. मी म्हटलं, पुन्हा कर, आणि पदरचं काही घालू नकोस. शिंका तुझ्या मनाच्या का? 'छे, शिंकतच होती ती, म्हणून तर मजा.' आणि हात? 'खाजवतच होती.' मला इतकी वर्षं वाटत होतं की हसू यावं म्हणून हा भर घालतो. पुन्हा कर म्हटलं. दुसऱ्यांदा तो मधेच हसला, पण एकटाच. मग मी त्याला सांगितलं, आवाज जसा ऐकलास तसाच काढ, श्वासासकट. तुझ्या दादाला बाकी काही येवो न येवो, नक्कल पक्की येते. त्याने श्वास आत ओढला आणि छातीतून ती बारीक शिटी काढली. आणि थांबला. गळ्यावरचा हात तिथेच राहिला. 'ही शिटी मी नेहमी गाळतो,' म्हणाला, 'हिला कुणी हसत नाही.' आईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. शेजारच्यांचा टीव्ही भिंतीतून ऐकू येत होता.

मग आईंना एकेक आठवायला लागलं. यातलं काहीही त्यांनी मला पूर्वी सांगितलं नव्हतं, कारण विनोदाला त्याची गरज नव्हती. तुझे डोळे सुजून मिटले होते. मानेवर, पोटावर गांध्या उठल्या होत्या. तू 'थांबवा, थांबवा' म्हणत होतीस आणि तिथला माणूस म्हणत होता, पोरगी घाबरली आहे, पंखा लावा. मग कुणीतरी डॉक्टर धावत आले, काहीतरी टोचलं, सलाइन लावलं, आणि तू दिवसभर झोपून राहिलीस. शांत करायचं इंजेक्शन दिलं, असं आईंना कुणी सांगितलं की त्यांनीच तसं समजून घेतलं, ते आता देव जाणे. बाबा फिरतीवर होते. ते परत आल्यावर त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून आईंनी सगळं हसण्यावारी नेलं, आणि दादाने त्यांना हसवायला म्हणून पहिल्यांदा ती नक्कल केली. बाबा पोट धरून हसले म्हणे. तूही हसलीस म्हणे, त्या सुजलेल्या डोळ्यांनी. तेव्हापासून तू बेडकी. आता कळलं, तो पहिला कागद मी का टाकला? लिहिताना माझ्या कानात तो शिंपी बोलत होता.

तेव्हापासून या घराला काहीतरी झालंय. तुझा दादा जेवताना मधेच घास ठेवून गळ्याला हात लावतो. आई तुझा कॉलेजातला फोटो काढून बघत बसतात. आणि मी कामावर प्रत्येक पेशंटच्या माईकला कान लावून असते, कुणी साधं खोकलं तरी दाराकडे धावते. बरोबरचे हसतात मला. हसू देत.

भीती आणि हे, यांत फरक असतो गं. भीतीने माणूस पांढरा पडतो, गार पडतो, घामाने डबडबतो, त्याची नाडी मंदावते, आणि पाय वर करून झोपवलं की थोड्या वेळात ओशाळून उठून बसतो. भीतीने डोळे सुजत नाहीत. भीतीने गांध्या उठत नाहीत आणि छातीतून शिटी वाजत नाही. मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, नक्कलसुद्धा करून दाखवली, वाईटच जमली. इतक्या वर्षांनंतर त्या छातीठोकपणे काही सांगायला तयार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण म्हणाल्या, ही माझी पेशंट असती तर मी तिला डोळे झाकून हे औषध दिलं नसतं. एकदा असं झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. आणि मागे निभावलं म्हणून याही वेळी निभावेल, असं कुणी लिहून देत नाही.

तू यावर काय म्हणशील ते मला इथे बसून ऐकू येतंय. तो साधा एक्स-रे होता, हे सीटी आहे. असेना. मशीन वेगळं, पण तेव्हा शिरेतून दिलं ते औषध आणि आताचं औषध एकाच घराण्यातलं. आताचं पुष्कळ सुधारलेलं आहे हे खरं, पण घराणं तेच. मग म्हणशील, मी मासे खाते, मला त्या डायमधल्या आयोडीनचं वावडं नाही. माशांचा इथे काडीचाही संबंध नाही, हे मी दिवसातून कितीदा सांगते ते मलाच ठाऊक. आणि तिसरं तू बोलणार नाहीस, नुसतं मनात म्हणशील: हं, मग जायलाच नको. ते मात्र करू नकोस, पाया पडते तुझ्या. तुझं जेवण तुटलंय, पाठीत कळ येते, सलवारी सैल व्हायला लागल्यात, हेही आईंनी सांगितलं. त्या पोटात काय चाललंय ते बघायलाच हवं, आणि लवकर बघायला हवं. मला दोन्हीकडून धसका बसलाय. हे पत्र वाचून तू गेलीच नाहीस तर काय, आणि न वाचता गेलीस तर काय.

मार्ग असतात गं. डॉक्टर कधी दुसरं डाय निवडतात, कधी आदल्या दिवसापासून गोळ्या देऊन तयारी करून घेतात, कधी डायविना भागवतात, कधी तपासणीच वेगळी करतात. काय करायचं ते तेच ठरवतील, मी इथून शहाणपणा शिकवणार नाही. पण त्यांना माहीत असलं तर ठरवतील ना? गोळ्यांना वेळ द्यावा लागतो, म्हणून टेबलावर आडवं झाल्यावर सांगून उपयोग नाही. आजच त्या हॉस्पिटलात फोन कर. एवढंच म्हण, 'मला या औषधाचा पूर्वी त्रास झालाय, डोळे सुजले, गांध्या उठल्या आणि घसा आवळला.' सुईच्या भीतीबद्दल अवाक्षर काढू नकोस. ते ऐकलं की तीही माणसंच आहेत, तुझ्या पाठीवर थोपटतील, 'काही होत नाही हो' म्हणतील आणि पुढच्या कामाला लागतील.

लग्नानंतर तू मला गाडी शिकवलीस ते आठवतं? त्या उतारावर माझा पाय ब्रेकवर जाईना, समोरून ट्रक येत होता आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तुझ्या पायाखालचा तो दुसरा ब्रेक तू कधी दाबलास तेही मला कळलं नाही. गाडी थांबल्यावर मला वाटलं आता चांगलीच झापणार. तू म्हणालीस, 'वहिनी, भीती वाटली तर बोंबलायचं. बोंबलणाऱ्याला मी शिकवू शकते. गप्प बसणारा शिकाऊ दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.' त्या दिवसापासून मी तुला मनातून मानत आले. ब्रेक निकामी झालेला ट्रक वाळूच्या ढिगाऱ्यावर चढवून शांतपणे चावी काढून घेणारी बाई तू. तुला घाबरट म्हणणाऱ्या गोष्टीवर आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला, ते एक वेळ राहू दे. तूही ठेवलास, याचं मला फार वाईट वाटतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, कारण वरचं सगळं तुझ्या दादाने येऊन दारातल्या दारात सांगितलं असतं. परवा फोन आपटण्याआधी तू आईंना आणखी एक वाक्य बोललीस. ते त्यांनी मला काल सांगितलं, तेही कौतुकाने. 'काही झालं तरी या वेळी मी हूं की चूं करणार नाही, सांग तुझ्या लेकाला.' तू करशील हे. काचेमागे माझ्यासारखीच कुणी बसलेली असेल, तिला तू हलताना दिसणार नाहीस, ऐकू येणार नाहीस, आणि ती मनात म्हणेल, किती शहाणी पेशंट. आमच्याकडे गप्प पडून राहणाऱ्याला शहाणाच म्हणतात. तेव्हा ऐक. सगळं सांगून झालं, सगळी तयारी झाली, तरीही त्या खोलीत शिंक आली, तळवा खाजला, घशात काही वेगळं वाटलं, तर बोंबल. माईक तुझ्या डोक्याशीच असतो. त्या दिवशी तू घाबरली नव्हतीस. तुला जे होत होतं तेच तू सांगत होतीस, आणि ते खरं होतं. तुझा दादा हे पत्र देऊन दाराबाहेर उभा असेल, तू ये म्हटल्याशिवाय आत येणार नाही. त्याला माफी मागता येत नाही, रडता तर त्याहून येत नाही, त्याच्याकडून ती अपेक्षा करू नकोस. पण शुक्रवारी त्याला बरोबर ने आणि त्या जाड दाराबाहेरच्या बाकावर बसव. तुझा तो आवाज बंद दारातूनही ओळखेल असा त्याच्यावाचून दुसरा कुणी नाही, आणि या वेळी तो हसणार नाही.

तुझीच,
वहिनी